नाकातली नळी काढायची का? प्रगत डिमेन्शियाच्या एका रुग्णाचं प्रकरण

पार्श्वभूमी

आजी ८१ वर्षांच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर पहिली-दुसरीचे वर्ग घेतलेल्या. अल्झायमरचं निदान होऊन नऊ वर्षं झाली होती. तालुक्याच्या गावी थोरला मुलगा, सून आणि नातू यांच्याबरोबर राहायच्या. धाकटा मुलगा पुण्याला आयटीत. मी त्यांचा नेहमीचा डॉक्टर. ओळख पटू नये म्हणून घरातले काही तपशील आणि महिने बदलले आहेत, पण निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम तसाच ठेवला आहे.

शेवटच्या वर्षात आजी खाटेला खिळल्या होत्या. दिवसाकाठी दोन-चार शब्द, तेही असले तर. लघवी-शौचाचं भान नव्हतं. डिमेन्शियाची पायरी मोजायची 'फास्ट' नावाची पट्टी आहे, तिच्यावर सातवी म्हणजे शेवटची पायरी. हे मला माहीत होतं, पण घरच्यांना मी ते या शब्दांत कधी सांगितलं नव्हतं.

जूनमध्ये ताप आणि धाप लागली म्हणून त्यांना शहरातल्या एका खासगी रुग्णालयात हलवलं. अन्न श्वासनलिकेत गेल्याने झालेला न्यूमोनिया. आठ दिवसांनी घरी आल्या त्या राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात जाणारी नळी, घेऊन. डिस्चार्ज कार्डावर शेवटची ओळ होती : नळीनेच आहार द्यावा, पुढे पेग करून घ्यावे. पेग म्हणजे पोटाला छिद्र पाडून थेट जठरात बसवलेली नळी.

घरी आल्यावर काही दिवसांतच आजींनी नळी ओढून काढली. मी घरी जाऊन नवी घातली. दहा मिनिटांचं काम, दोन्ही नाकपुड्या तपासल्या, सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप ठेवला, जठरातला द्रव ओढून पाहिला, चिकटपट्टी लावली, चहा घेतला आणि निघालो. चार दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी चिकटपट्टी लावताना मनगटांवरचे लाल वळ दिसले. जुन्या साडीचा काठ फाडून दोन्ही हात खाटेच्या दांड्याला बांधले होते.

"सैलच बांधते, डॉक्टर," सून म्हणाली. मी काही विचारलंही नव्हतं.

अडचण नेमकी काय होती

त्याच संध्याकाळी धाकट्या मुलाचा फोन आला. पेगची तारीख कधी घ्यायची, कोणत्या सर्जनकडे घ्यायची. त्याच्या दृष्टीने प्रश्न एवढाच उरला होता. मीही 'बघतो' म्हणालो, कारण माझ्याही डोक्यात नळी घालायची की नाही हा प्रश्न आलाच नव्हता. आली तशी घातली, निघाली तशी पुन्हा घातली.

या प्रकरणातला पहिला निर्णय हाच, आणि तो न घेताच झाला होता. रुग्णालयातली नळी ही तात्पुरती सोय होती. घरी मी ती दुसऱ्यांदा घातली तेव्हा ती कायमची व्यवस्था झाली, आणि याला कुणी हो म्हटलं होतं असं आठवत नाही.

वळ पाहिल्यावर मात्र रात्री झोप लागेना, तेव्हा वाचायला बसलो.

पुरावा काय सांगत होता

प्रगत डिमेन्शियात नळीने भरवण्यावर कोक्रेनचा (एकाच प्रश्नावरचे जगभरातले अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढावा २००९ साली आला आणि २०२१ साली तो अद्ययावत झाला. आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) वर्गणी भरल्यामुळे कोक्रेन लायब्ररी २००७ पासून भारतातून फुकट वाचता येऊ लागली, ही गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांना अजून माहीत नाही. आढाव्याचं म्हणणं थोडक्यात असं : नळीने आयुष्य वाढतं असा पुरावा सापडत नाही, दाबाने होणाऱ्या जखमा उलट वाढत असाव्यात, आणि रुग्णाला बरं वाटतं का हे तर कुणी मोजलेलंच नाही. एकही यादृच्छिक चाचणी नाही, म्हणजे कुणाला नळी आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेली. सगळे निरीक्षणात्मक अभ्यास. अमेरिकेच्या जेरियाट्रिक्स सोसायटीनेही (वृद्धांवर उपचार करणाऱ्यांची संघटना) २०१४ मध्ये हीच भूमिका घेतली. प्रगत डिमेन्शियात नळी नको, काळजीपूर्वक हाताने भरवा.

मला त्याहून जास्त उपयोगी पडला तो बोस्टन परिसरातल्या २२ नर्सिंग होम्समधला अभ्यास, २००९ सालचा. प्रगत डिमेन्शियाच्या ३२३ रुग्णांचा दीड वर्ष मागोवा घेतला. त्यात जवळपास ८६ टक्क्यांना खाण्या-गिळण्याची अडचण आली, आणि ती आल्यावर सहा महिन्यांत दगावण्याचं प्रमाण साधारण ३९ टक्के निघालं. न्यूमोनिया झालेल्यांत ते ४७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे गिळता न येणं हा वाटेत आलेला नवा आजार नव्हता, जुन्याच आजाराचा शेवटचा टप्पा होता. त्याच अभ्यासात असंही दिसलं की पुढे काय होणार याची ज्या नातलगांना कल्पना होती, त्यांच्या रुग्णांच्या वाट्याला शेवटी त्रासदायक उपचार कमी आले.

आता यातली खोट. हे सगळे आकडे बहुतेक परदेशी नर्सिंग होममधले, पगारी मदतनीसांच्या हातचे, आणि नळीविषयीचे निष्कर्षही बरेचसे पेगचे. आपल्याकडे तीन वेळा भरवणारी असते ती सून, जिला सुट्टी नाही. शिवाय हा पुरावा कायमच्या नळीबद्दल आहे, न्यूमोनियाच्या आठवड्यातल्या तात्पुरत्या नळीबद्दल नाही. हा फरक तेव्हा माझ्या नीट ध्यानात आला नव्हता.

पहिली बैठक, जी फसली

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर थोरला मुलगा, पुण्याहून आलेला धाकटा आणि त्यांचे एक मामा. मी वाचलेलं सगळं सांगितलं, बऱ्यापैकी सोप्या भाषेत, असं मला वाटत होतं. नळीचा फायदा नाही, पेगचाही नाही, काढून टाकू.

थोरला म्हणाला, "मग काय, आईला उपाशी ठेवायचं?"

मी पुन्हा आकडे सांगितले. धाकट्याने मोबाइल काढून एका रुग्णालयाच्या पानावरचा पेगचा फोटो दाखवला. मामा म्हणाले, "डॉक्टर, अन्न हे पूर्णब्रह्म. ते बंद करा असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?" मला राग आला होता, हे इथे लिहून ठेवतो. इतकं स्वच्छ उत्तर घेऊन आलो आणि कुणी ते घेत नाही, याचा राग. पाऊण तासाने काहीही न ठरता उठलो.

नंतर विचार करताना कळलं की मी 'भरवायचं कसं' यावर बोलत होतो आणि त्यांना 'अन्न तोडा' असं ऐकू येत होतं. 'नळी काढा' हे वाक्यच तसं आहे. काय करायचं नाही तेवढंच त्यात आहे. इंग्रजी वैद्यकातही ही गफलत जुनी आहे. 'कृत्रिम आहार नको' अशी ऑर्डर लिहिली की नातेवाईक ती 'काळजी नको' अशी वाचतात, म्हणून २०१० मध्ये काही अमेरिकन डॉक्टरांनी सुचवलं की ऑर्डरच होकारार्थी लिहावी : रुग्णाला सुख वाटेल तोवर आणि तेवढंच, हाताने भरवावं. हा लेख मी आधीच वाचला होता. पण गेलो ते नकार घेऊन.

समोरचे पर्याय

राइल्स ट्यूब चालू ठेवायची, म्हणजे ती पुन्हा पुन्हा बदलायची आणि हात बांधायचे. पेग करायचा, म्हणजे शहर, भूल, खर्च, आणि आजी तीही ओढणार ही जवळजवळ खात्री. नळी काढून हाताने भरवायचं, ठसक्याचा आणि पुन्हा न्यूमोनियाचा धोका पत्करून. चौथा पर्याय मधला : दोन आठवडे नळी काढून पाहायचं आणि मग सगळ्यांनी पुन्हा बसायचं. मला तिसरा बरोबर वाटत होता, पण चौथाच घरच्यांच्या गळी उतरण्यासारखा होता.

कायद्याची धास्तीही होती, नाही म्हणत नाही. लिव्हिंग विलबद्दल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याबद्दल, सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आणि २०२३ मध्ये सोपी केलेली पद्धत मी वाचली होती, पण आजींनी तसं काही लिहून ठेवलेलं नव्हतं. इथे आपण अन्न थांबवत नसून वाट बदलतोय, हे कागदावर स्पष्ट हवं, म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या एका एम.डी. मित्राला आजींना तपासून स्वतंत्र लेखी मत द्यायला सांगितलं.

मोरीतला प्रश्न

आम्ही पाच-सहा डॉक्टर महिन्यातून एकदा जमतो. एक शोधनिबंध आणि एक कथा किंवा कविता, असा शिरस्ता. आम्ही शिकलो तेव्हा 'एटकॉम' नव्हतं. २०१९ पासून एमबीबीएसला संवाद आणि नीतिमत्तेचे तास लागले, ते आम्ही असे पन्नाशीत भरून काढतोय. पहिल्या बैठकीचं रडगाणं मी तिथे गायलं. एका बालरोगतज्ज्ञ सहकारी बाईंनी विचारलं, "भरवतं कोण? तिला काय वाटतं?"

ओसरीवरच्या बैठकीत सून नव्हती. ती चहा ठेवून आत गेली होती.

त्याच बाईंनी आर्थर क्लाइनमन यांच्या प्रश्नांची आठवण करून दिली. हे मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ. १९७८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रुग्णाला विचारायचे साधे प्रश्न सुचवले : या त्रासाला तुम्ही काय म्हणता, तो कशाने झाला असं वाटतं, याची सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. पुढे त्यांच्या पत्नीलाच लवकर सुरू होणारा अल्झायमर झाला आणि त्यांनी वर्षानुवर्षं तिचं सगळं केलं. प्रश्न विचारणाऱ्यालाच पुढे ते जगावं लागलं.

बुधवारी दुपारी, पुरुष माणसं घरात नसताना गेलो. मुद्दामच. सून मोरीत बसून पन्नास सीसीची सिरिंज धूत होती. मी पाटावर बसलो आणि तिला तो शेवटचा प्रश्न विचारला. वहिनी, तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?

ती बराच वेळ सिरिंजचा दट्ट्या मागेपुढे करत राहिली. मग म्हणाली, "माझ्या हातून जाऊ नयेत."

आणि मग सगळं आलं. नळी लागायच्या आधी एकेक जेवण दीड तास चालायचं. जूनमध्ये ठसका लागला तो तिच्या हातच्या घासाचा. धाप लागली, गाडी केली, आणि शहराच्या वाटेवर कुणीतरी म्हणालं, 'घाईघाईत भरवलं असेल.' कोण म्हणालं ते तिने सांगितलं नाही. "नळीनं काही झालं तर ती डॉक्टरांनी घातलेली नळी. घासानं झालं तर माझा घास."

हात बांधताना तिला रडू यायचं, पण नळी निघाली की भरवायचं तिनेच. म्हणून तिला नळी हवी होती. ओसरीवर आम्ही चौघं पुरुष आयुर्मानावर वाद घालत होतो तेव्हा नळीचं हे काम कुणालाच माहीत नव्हतं : ती दोष अंगावर घेत होती. असला परिणाम कुठल्या अभ्यासात मोजलेला मी वाचलेला नाही.

ज्यांच्या नावाने ती लायब्ररी आहे ते आर्ची कोक्रेन दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत डॉक्टर होते. रात्री एक तरुण रशियन कैदी आणला, फुप्फुसं पोखरलेली, वेदनेने किंचाळणारा. मॉर्फिन नव्हतं, भाषा येत नव्हती. शेवटी कोक्रेन त्याच्या खाटेवर बसले आणि त्याला कवेत घेतलं. किंचाळणं थांबलं, काही तासांनी तो शांतपणे गेला. किंचाळणं फुप्फुसाच्या दुखण्याचं नव्हतं, एकटेपणाचं होतं, आणि आपलं निदान चुकलं याची त्यांना लाज वाटली, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ही गोष्ट मला आधीपासून पाठ होती. तरी ओसरीवर आकडेच घेऊन गेलो होतो.

काय केलं

आधी उलटवता येण्यासारखं काय आहे ते पाहिलं. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. तोंडात टॉर्च मारला तर जिभेवर आणि गालांच्या आतून बुरशीचा पांढरा थर. त्यावर औषध दिलं. शौचाला पाच दिवस झालं नव्हतं, ते सोडवलं. रुग्णालयातून लागलेली रात्रीची झोपेची गोळी बंद केली, कारण गुंगीतला माणूस गिळणार कसा. डोनेपेझिल हे अल्झायमरवरचं औषध कित्येक वर्षं चालू होतं. त्याने भूक आणि वजन दोन्ही घटू शकतं आणि या पायरीवर त्याचा उपयोगही फारसा उरलेला नव्हता, तेही कमी करत बंद केलं.

मग दुसरी बैठक, या वेळी सुनेसकट. धाकटा व्हिडिओ कॉलवर. मी नळी काढायचं बोललोच नाही. आधी विचारलं, आई शाळेत असताना त्यांना कुणी हात धरलेला चालायचा का? थोरला हसला. "वर्गात साहेब आले तरी खडू खाली ठेवायची नाही." मग मी मनगटं दाखवली. मोबाइलच्या पडद्यावर धाकट्यालाही. तो गप्प झाला. चौथ्या पर्यायावर, दोन आठवड्यांच्या मुदतीवर, तो 'ठीक आहे' म्हणाला. पटलं म्हणून नव्हे, एवढं माझ्याही लक्षात आलं.

आणि मी लेटरहेडवर मराठीत लिहून दिलं. तो मजकूर इथे देतो, कारण माझ्या मते सगळं त्यावर फिरलं :

'आजींना तोंडाने, हाताने, त्या तोंड उघडतील तेवढंच भरवावे. हा डॉक्टरांचा सल्ला आहे. भरवताना ठसका लागू शकतो, त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. तो या आजाराचा भाग आहे, भरवणाऱ्याची चूक नव्हे. तोंड मिटले की थांबावे. न खाणे म्हणजे उपाशी ठेवणे नव्हे.'

खाली माझी सही-शिक्का आणि मित्राचा. सुनेने कागद दोनदा वाचला आणि देवघराशेजारच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. येणारा-जाणारा वाचेल अशा जागी.

नळी काढली त्या दुपारी मी तासभर थांबलो. गिळण्यातलं कळणारे स्पीच थेरपिस्ट आपल्याकडे तालुक्याला नसतात. शहरातल्या एकीला व्हिडिओ कॉलवर घेतलं. तिने पहिल्यांदा मान बघितली. आजवर आजींची मान उशीवर मागे टेकवून भरवत होते, म्हणजे श्वासनलिका सताड उघडी. पाठीला दोन लोड, मान किंचित पुढे, हनुवटी छातीकडे. मोठा चमचा गेला, चहाचा आला. पातळ पाण्याने ठसका लागत होता, म्हणून नाचणीचं सत्त्व दाटसर. खिचडीला आजींनी ओठ घट्ट मिटले. सुनेने चमच्याच्या टोकाने साखरांबा खालच्या ओठाला लावला. जीभ बाहेर आली, मग तोंड उघडलं. सहा चमचे गेले. सातव्याला मान वळवली, आणि सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, झालं, थांबा.

काय झालं

दोन आठवड्यांनंतर नळीचा विषय कुणी काढला नाही. आजी सकाळी दहाच्या सुमाराला आणि चार वाजता जाग्या असत, तेव्हाच भरवायचं ठरलं. दीड तासाचं जेवण वीस मिनिटांवर आलं. वजन उतरत गेलं. ते उतरणार हे आधी सांगितलेलं होतं, तरी ऑगस्टमध्ये दंड पाहून थोरला हादरला. साडीचा काठ पुन्हा लागला नाही.

ऑगस्टमध्ये एकदा ताप आला, तोंडाने प्रतिजैविक दिलं, उतरला. ऑक्टोबरात पुन्हा आला, दसऱ्यानंतर. या वेळी रुग्णालयात न्यायचं नाही असं घरच्यांनीच ठरवलं. ताप आणि धाप कमी करणारी औषधं दिली. तिसऱ्या पहाटे आजी गेल्या. सून जवळ होती, ओला कापूस ओठांना लावत होती.

धाकटा दहाव्यानंतर दवाखान्यात येऊन बसला. वाद घालायला आला नव्हता. "पेग केला असता तर दिवाळी बघितली असती का तिने?" मी म्हणालो, माहीत नाही. शेकडो रुग्णांत मिळून फरक दिसत नाही एवढंच मला सांगता येतं, तुमच्या आईचं सांगता येत नाही. तो थोडा वेळ बसला आणि गेला. नंतर बीपीच्या गोळ्यांसाठीही त्याने कधी फोन केलेला नाही.

पुन्हा वेळ आली तर

सगळ्यात मोठी चूक जूनच्या बरीच आधीची. ज्या वर्षी आजी चालेनाशा झाल्या त्याच वर्षी पुढे गिळणं जाणार हे सांगायला हवं होतं. तेव्हा सगळे शांत होते, घाई नव्हती, आणि 'आईला काय आवडलं असतं' हा प्रश्न फोनवर तारीख मागणाऱ्या मुलाला विचारावा लागला नसता. आता डिमेन्शियाच्या रुग्णाची खाट धरली की भरवणाऱ्या माणसाला एकटं गाठून भीतीचा प्रश्न विचारतो आणि उत्तर केसपेपरवर तिच्याच शब्दांत लिहितो. कोलंबिया विद्यापीठात डॉक्टर रीटा शॅरन विद्यार्थ्यांना नेहमीच्या केसपेपरात न बसणारं लिहिण्यासाठी जो दुसरा, समांतर केसपेपर लिहायला लावत, त्याची ही गावठी आवृत्ती. माझा एकाच कागदावर मावतो.

सुनेला पहिल्या बैठकीत न बोलावणं ही चूकच होती. पण दुपारी घरात कुणी नसताना तिच्याशी बोलायला जाणं हेही सरळ नव्हतं. मुलांना हे नंतर कळलं, आणि थोरला महिनाभर माझ्याशी तुटक वागला. नर्सला बरोबर न्यायला हवं होतं.

हे प्रकरण आमच्या महिन्याच्या बैठकीत मांडलं तेव्हा लेखी मत देणारा तोच एम.डी. मित्र अडून बसला. त्याचं म्हणणं, तोंडातली बुरशी, बद्धकोष्ठ आणि झोपेची गोळी आधी सुधारून, न्यूमोनियाचा थकवा जाईपर्यंत आणखी दोन आठवडे नळी ठेवून, मग गिळणं तपासून ती काढायला हवी होती. पुरावा तात्पुरत्या नळीविरुद्ध नाहीच. मी म्हटलं, आणि ते दोन आठवडे हात बांधायचे? तो म्हणाला, रात्रीपुरते हातमोजे घालायचे, दिवसा कुणीतरी शेजारी बसायचं. कोण बसणार, हे बालरोगतज्ज्ञ बाईंनी विचारलं. त्यावर साडेदहापर्यंत बोलणं चाललं आणि त्या महिन्याची कविता वाचायची राहून गेली.